हात सैल सोड, माय…

तिसऱ्या वर्षाच्या व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी आमच्या बॅचला एक प्रश्न टाकला होता. "आत्ता या क्षणी तुमच्याजवळ असलेला सर्वात मोठा सेन्सर कोणता?" कुणी मोबाईलचा कॅमेरा म्हणालं, कुणी टचस्क्रीन. एका मित्राने तर पुढच्या टेबलावरचा लोड सेल दाखवला! सर हसले आणि म्हणाले, "अरे, तुमची कातडी!"

बॅच हसली, मार्क मिळायचे तेवढे मिळाले आणि विषय संपला. मी मात्र रूमवर येऊन बराच वेळ आपल्याच तळहाताकडे बघत बसलो. मोठ्या माणसाची त्वचा पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. डोळे मिटता येतात, कानात बोळे घालता येतात, मेसच्या वांग्याच्या भाजीसमोर नाकसुद्धा दाबता येतं! पण स्पर्शाचं बटण काही बंद करता येत नाही. चोवीस तास, जन्मापासून शेवटपर्यंत चालू. आईच्या पोटात असल्यापासून म्हटलं तरी चालेल, कारण गर्भात सर्वात आधी जागी होणारी जाणीव स्पर्शाचीच.

मित्रांनो, आपली मराठी भाषा ही गोष्ट फार आधीपासून जाणते. बघा ना, देणाऱ्याला आपण "मनाचा मोठा" म्हणतो खरं, पण त्याहून जास्त वेळा आपण त्याचा हात बघतो. देणारा सढळ हाताने देतो. चिक्कू माणूस हात आखडता घेतो. गरजेला कुणी हात देतो, कुणी हात वर करतो. पोराने शाबासकी मिळवली की पाठीवर थाप पडते आणि नापास झाला की पाठीवरून हात फिरतो. एखादी गोष्ट काळजाला भिडते. माया, दया, दान या सगळ्या गोष्टी मराठीत हातातून जातात. भाषेने उगाच असं केलं नसणार!

असो. मी मोताळ्याकडचा. ज्यांना मोताळा माहीत नाही (आणि हॉस्टेलवर असे नव्वद टक्के आहेत) त्यांच्यासाठी सांगतो. बुलडाण्याहून राजूर घाट उतरला की मलकापूरच्या रस्त्यावर मोताळा लागतं. तालुक्याचं गाव. जवळच नळगंगेचं धरण, आजूबाजूला कापूस, सोयाबीन, मका. रेल्वे धरायची तर मलकापूरला जायचं आणि एसटीत दोघांच्या सीटवर तिघांनी बसायचं. "सरका जरा" म्हणत एखादे बाबा आपल्याला चिकटून बसतात आणि घाट लागायच्या आत आपल्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागतात. ना ओळख ना पाळख. आपणही खांदा हलवत नाही. पुण्या-मुंबईची मित्रमंडळी याला "पर्सनल स्पेस नाही" म्हणतात. आमच्याकडे त्याला प्रवास म्हणतात!

लहानपणी आजोबांबरोबर बैलबाजारात गेलो की एक गंमत दिसायची. दोन माणसं समोरासमोर उभी, हातावर रुमाल किंवा उपरण्याचं टोक टाकलेलं आणि त्याखाली दोघांचे हात एकमेकांत. तोंडातून शब्द नाही. बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच तो कमी-जास्त करायचा. सौदा पटला की हात सुटायचे. इतरांना भाव कळू नये म्हणून ही पद्धत, हे तर खरंच. पण आजोबा आणखी एक सांगायचे, "हात हातात असला का मानूस जास्त खोटं बोलत नाही." आजोबांचं शिक्षण दुसरी पास. त्यांनी कुठलं संशोधन वाचलं नव्हतं. मी मात्र पुढे थोडंफार वाचलं आणि आजोबांच्या वाक्याच्या आसपासच सगळं फिरताना दिसलं.

त्यातलं थोडं इथे सांगतो, कारण मॅगझिनमध्ये लेख म्हटला की आमचे मित्र "टेक्निकल काय आहे त्यात?" असं विचारतातच!

१९८४ साली अमेरिकेत क्रुस्को आणि वेट्झेल या दोन संशोधकांनी हॉटेलमध्ये एक साधा प्रयोग केला. वेट्रेसने उरलेले पैसे परत देताना काही गिऱ्हाइकांच्या तळहाताला ओझरता स्पर्श करायचा, काहींच्या खांद्याला आणि काहींना अजिबात नाही. बाकी सगळं सारखं. ज्यांना स्पर्श झाला नाही त्यांनी बिलाच्या साधारण १२ टक्के टीप ठेवली. खांद्याला स्पर्श झालेल्यांनी १४ टक्क्यांच्या वर आणि तळहाताला स्पर्श झालेल्यांनी १७ टक्क्यांच्या जवळपास. जेमतेम सेकंदभराचा स्पर्श आणि हात एवढा सैल झाला! नंतर असे बरेच प्रयोग झाले. सगळीकडे आकडे इतके सरळ आले नाहीत, हेही सांगायला हवं. कोण, कुणाला, कुठे, कोणत्या हेतूने स्पर्श करतो यावर सगळं अवलंबून असतं.

दुसरा प्रयोग २००६ सालचा, व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जेम्स कोअन यांचा. सोळा विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि सांगितलं की पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो. मग कधी एकटीला ठेवलं, कधी अनोळखी माणसाचा हात धरायला दिला, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या भागांची धावपळ बरीच कमी झाली. संसार जितका सुखाचा तितकी जास्त कमी! अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडलाच. झटक्याची शक्यता तेवढीच, पण भीती वाटून घेतली गेली.

हे घडतं कसं? आपल्या त्वचेतून मेंदूकडे जाणाऱ्या तारा एका प्रकारच्या नाहीत. जाड तारा सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास वेगाने निरोप नेतात. "काहीतरी टोचलं, काहीतरी गुळगुळीत आहे" असा तो निरोप असतो. पण केसाळ त्वचेत काही बारीक तारा आहेत, सेकंदाला जेमतेम एक मीटर जाणाऱ्या. म्हणजे आमच्या घाटातल्या एसटीसारख्या! त्यांना शास्त्रज्ञ सी-टॅक्टाइल म्हणतात. त्या सर्वात जास्त कशाने जाग्या होतात तर अंगाच्या तापमानाच्या, सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हळुवार स्पर्शाने. हाताला मोजपट्टी लावून बघा, आजी नातवाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग हाच असतो. या तारांचा निरोप मेंदूच्या भावनेशी संबंधित भागात जातो. एका बाईंच्या जाड तारा आजारात गेल्या होत्या. त्यांना कुठे, काय लागलं ते नीट सांगता येईना, पण मऊ ब्रश हळू फिरवला की "बरं वाटतं" एवढं मात्र कळायचं. हे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झालं. आणि दाब ओळखणारी प्रथिनं सापडली ती २०१० मध्ये. त्यांना "पिझो" हेच नाव आहे, आपल्या लॅबमधल्या पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टलचा भाऊच म्हणा. त्यासाठी आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तापमानाची जाणीव उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर.

टेक्निकल भाग संपला! आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगतो.

मी चौथीत होतो तेव्हा माझी आत्या सासरहून माहेरी आली, ती राहायलाच. लग्नाला सहा वर्षं झाली होती. कापूस वेचण्यात तिचा हात कुणी धरत नसे. दोन्ही हातांनी वेचायची आणि ओटी भरून पुढच्या तासाला लागायची. तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट हळूहळू बधिर झालं. दंडावर एक फिकट चट्टा होता, पण खाजत नाही, दुखत नाही म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस भाकरी करताना जळल्याचा वास आला. भाकरी जळाली म्हणून तिने खाली बघितलं तर तिचं बोट तव्याला टेकलेलं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या बोळ्याने हळूच स्पर्श करत विचारलं, "कुठं लागलं सांगा." जन्मभर कापूस वेचलेल्या माझ्या आत्याला त्या चट्ट्यावर कापूस लागलेला कळला नाही. निदान झालं, कुष्ठरोग.

आता इथे थोडं थांबून सांगतो, कारण हॉस्टेलवरही या रोगाबद्दल काहीही बोललं जातं. हा रोग मायकोबॅक्टेरियम लेप्री नावाच्या जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो १८७३ साली शोधला. पाप, शाप, मागच्या जन्माचं असं काही नाही. तो नुसता हात लागल्याने होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून निघणाऱ्या तुषारांतून, बराच काळ जवळ राहिल्यावर तो पसरू शकतो आणि बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. औषध सुरू झालं की रुग्णापासून लागण होत नाही. सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. मात्र हा जंतू राहतो तो नसांमध्ये. उशीर झाला तर गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. म्हणजे बघा, ज्या रोगाला लोक "स्पर्शाने होतो" म्हणून घाबरतात, तो रोग स्वतःच माणसाचा स्पर्श काढून घेतो. आणि मग उरलेला स्पर्श आपण काढून घेतो!

आत्याच्या सासरच्या गावाचं नाव इथे नको. तिथे तिचं ताट वेगळं झालं, मग पेला, मग अंथरूण, मग तिचा पाच वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपायला लागला. औषधांतल्या एका गोळीने कातडी काळपट पडते, औषध संपल्यावर काही महिन्यांनी रंग परत येतो. पण लोकांना वाटलं रोग अंगभर पसरला. "बरी होईस्तोवर माहेरी राहा" असं म्हणून तिला पाठवून दिलं. त्यावेळी कुष्ठरोग हे कायद्याने घटस्फोटाचं कारण होऊ शकत होतं, ते २०१९ साली कायद्यातून काढलं गेलं. आमच्याकडे कुणी कोर्टात गेलंच नाही. ती बरी झाली, दवाखान्याने तसं लिहून दिलं आणि तरी तिला न्यायला कुणी आलं नाही. मुलगा दिवाळीला यायचा, दोन दिवस.

आमच्या घरच्यांचीही तपासणी झाली. सगळे ठीक. आमची आजी पहिल्या दिवसापासून तिला जवळ घेऊन बसायची, रोज संध्याकाळी डोक्याला तेल लावायची. आत्या म्हणायची, "माय, बोटाले काही समजत नाही मले, पन तुहा हात डोक्यावरून फिरला का समजते." पण घर म्हणजे गाव नाही. किराणा दुकानात आत्या पैसे द्यायची ते दुकानदार "ठेवा तिथं" म्हणायचा आणि सुटे परत द्यायचे तेही फळीवर. मी लहान होतो, मला वाटायचं त्याची सवयच तशी असेल. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या हातावर तो पैसे ठेवतो.

दोन वर्षांनी माझ्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नात बांगड्या भरायला कासारीण घरी येते. नवरीचा हिरवा चुडा भरून झाला की घरच्या, भावकीतल्या, शेजारपाजारच्या सगळ्या बाया ओळीने बसतात. आत्या स्वयंपाकघरात भांडी आवरत बसली होती, मुद्दामच. बाया भरून झाल्या. कासारीण म्हातारी, आमच्या तीन पिढ्यांचे हात ओळखणारी. तिने मोजले आणि आजीला विचारलं, "तुही मधली कुठी आहे वो? तिचा हात राह्यला."

सगळ्या गप्प. आजीच काय ते म्हणाली, "राहू दे."

"कायले राहू दे? बलाव तिले."

आत्या आली. हात पदराखाली. कासारणीने तो स्वतः ओढून बाहेर काढला, मांडीवर घेतला. डाव्या हाताची दोन बोटं वाकलेली, सरळ होत नव्हती. बांगडी चढवायची तर हात आवळून, बोटांची पेरं दाबून, सगळा पंजा लहान करून घ्यावा लागतो. आणि आत्याने हात ताठ धरलेला. चार वर्षांत घरच्यांशिवाय कुणी तो हात हातात घेतलेला नव्हता. कासारीण तो पंजा चोळत राहिली आणि म्हणाली, "हात सैल सोड, माय. असे लय हात पाह्यले म्या."

आत्याने हात सैल सोडला. एक डझन हिरव्या बांगड्या भरल्या, एकही फुटली नाही. आजी पैसे द्यायला लागली तर म्हातारीने एवढ्या हाताचे घेतले नाहीत. मी दारात उभा होतो. रडणं वगैरे फारसं काही झालं नाही, सिनेमात दाखवतात तसं. फक्त शेजारच्या काकू उठल्या आणि आत्याला म्हणाल्या, "चाल वो, पापडाचं पीठ मळायचं आहे." एवढंच.

त्या दोन शब्दांमागे काय होतं हे मला पुढे आनंदवनाबद्दल वाचताना कळलं. आपल्या विदर्भात या स्पर्शाचा मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याला पाठ्यपुस्तकातल्या धड्याइतकाच माहीत असतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, कुष्ठरोग झाल्यावर सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश करत राहिले. देशाचं राजकारण अंगावर घेतलेला माणूस त्यासाठी वेळ काढत होता! अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं.

आणि वरोऱ्याचे बाबा आमटे. वकील, जमीनदाराचा मुलगा, नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून स्वतः मैला वाहणारे. अशाच एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला त्यांना तुळशीराम दिसला, कुष्ठरोगाने हातापायाची बोटं झडलेला, मरायला टेकलेला. आणि कशालाही न भिणारे बाबा तिथून घाबरून पळाले! हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. ती भीती त्यांना सहन होईना. ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा केला, त्याला खाऊ घातलं, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही, पण बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन हा रोग शिकून आले. तिथे तर प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या अंगात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले. रोग काही झाला नाही. १९५१ मध्ये सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झालं.

मला यातला सर्वात महत्त्वाचा भाग पुढचा वाटतो. रुग्णांनी खडकाळ जमीन फोडून भाजीपाला पिकवला, पण वरोऱ्याच्या बाजारात तो कुणी घेईना. भाजीला हात कुणाचा लागला ते लोकांना माहीत होतं ना! मग सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण-तरुणी तिथे येऊन राहिले. त्यांनी रुग्णांबरोबर विटा वाहिल्या, त्यांच्याच पंगतीत जेवले. ते बघून गावातले लोक आधी बघायला आले, मग बोलायला आणि मग भाजी घ्यायलाही. बाबा आणि साधनाताईंनी भीक कधी मागू दिली नाही, काम दिलं. दयेपोटी दुरून टाकलेला रुपया आणि हातात हात घेऊन केलेला व्यवहार यातला फरक त्यांनी दाखवला. दुरून टाकलेल्या रुपयात देणारा वरच राहतो. तळहातावर ठेवलेल्या रुपयात दोन्ही हात एका पातळीला येतात.

हा रुपया दुरून टाकण्याचा प्रकार फक्त रोगापुरता नाही, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या समाजाने शेकडो वर्षं लाखो माणसांना "अस्पृश्य" म्हटलं. शब्दच बघा, ज्याला शिवायचं नाही तो. पाणी वरून ओतायचं, पैसे जमिनीवर ठेवायचे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह ओंजळीने पाणी घेतलं तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हताच, माणूस म्हणून बरोबरीचा होता. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. पण शिवाशिव पाळणाऱ्या समाजात सहानुभूती का वाढत नाही याचं उत्तर मला त्या सी-टॅक्टाइल तारांत सापडतं. ज्याला आपण कधी शिवलोच नाही, त्याचं दुखणं आपल्यापर्यंत पोचायला वाटच ठेवलेली नसते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. प्रत्येक स्पर्श चांगला नसतो. गर्दीच्या एसटीत आमच्या वर्गातल्या मुली बॅग छातीशी धरून का उभ्या राहतात हे त्यांना विचारा. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, तोही हॉस्टेलमधल्या काही "थापां"साठीच करावा लागला! समोरच्याला नको असलेला स्पर्श म्हणजे माया नव्हे, जबरदस्ती. कासारणीनेही हात ओढला खरा, पण तिने आत्याच्या हाताला तीन पिढ्यांच्या ओळखीने हात घातला आणि मग तिने स्वतः सैल सोडेपर्यंत ती थांबली. मायेचा स्पर्श कसा असावा याचा नियम मला तरी त्यात सापडतो.

२०२० मध्ये कोविड आला तेव्हा मी दहावीत होतो. सगळं जग एकमेकांपासून दोन हात लांब गेलं. हस्तांदोलन बंद, गळाभेट बंद, मयतीला जाणं बंद. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायावर डोकं टेकवणंसुद्धा दोन वर्षं बंद होतं. लोक म्हणायचे, कंटाळा आला, कुणाला जवळ घेता येत नाही. आत्या ऐकून घ्यायची. एकदा फक्त हसून म्हणाली, "आता समद्यायले समजलं." तिच्या बोलण्यात खोच नव्हती, पण माझ्या ती लक्षात राहिली आहे.

आज आत्या मोताळ्याच्या आठवडी बाजारात भाजी विकते. २०१७ पासून ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, गावोगावी "स्पर्श" नावाचं कुष्ठरोग जनजागृती अभियान होतं, ग्रामसभेत शपथ वाचली जाते. आमच्या गावच्या सभेत ती पुढच्या रांगेत बसते. भाषण करत नाही. तिचा मुलगा आता अकरावीत आहे आणि सुट्टीत दोन दिवसांऐवजी महिनाभर राहतो, बाजारात तिच्या शेजारी बसून वजन करतो. वाकलेली दोन बोटं काही सरळ झाली नाहीत. पण मेथीची जुडी दिल्यावर ती वर मूठभर कोथिंबीर टाकते, गिऱ्हाइकाने मागायच्या आधी. सुटे पैसे तळहातावर ठेवते, दाबून. सगळेच घेतात असं नाही. काही जण अजूनही पिशवी पुढे करतात. ती त्यांच्या पिशवीतही कोथिंबीर टाकते.

आपल्या हॉस्टेलवर शेजारच्या रूममध्ये कोण राहतं हे माहीत नसलं तरी त्याचं स्टेटस आपल्याला माहीत असतं. बॅकलॉग लागलेल्याला आपण अंगठ्याचं चित्र पाठवतो, वडील गेलेल्याला जोडलेल्या हातांचं. पाठवू नये असं मी म्हणत नाही. पण रूम दोन दारं पलीकडे असेल तर उठून जावं. काय बोलावं ते सुचत नसेल तर बोलू नये, शेजारी बसावं. त्याला चालणार असेल तर खांद्यावर हात ठेवावा. बस, आणखी काही करावं लागत नाही. मेसमध्ये ताट वाढणाऱ्या मावशींच्या, कॉरिडॉर झाडणाऱ्या दादांच्या हातात पैसे द्यायचे असतील तर हातातच द्यावेत, टेबलावर सरकवून नव्हे. ही काही मोठी समाजसेवा नाही. पण मी एक हात चार वर्षांनी सैल होताना बघितला आहे, म्हणून सांगतो.

आणि हो, हॉस्टेलवर कुणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा असेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात जा. पाहिजे तर मी बरोबर येतो.